ग्रेच्चोची गव्हाण आणि उसना झगा

नाताळ जवळ आला की वसई परिसरातील ख्रिस्ती वाड्यांतून घराघरांच्या ओसरीवर ‘गोठा’ उभा राहू लागतो. बांबूच्या कामट्या, भाताचा पेंढा, मातीचे बैल आणि गाढव, दोन-चार मेंढरे आणि मधोमध एक गव्हाण. मध्यरात्रीच्या उपासनेच्या सुमारास त्या गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवली जाते. गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळणा हलविणाऱ्या आपल्या घरांना हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. तेथे बंदिशाळा, येथे गुरांचा गोठा. दोन्हीकडे रात्र आणि दोन्हीकडे परमेश्वराने बालरूप घेताना राजवाडा टाळलेला.

अलीकडे या गोठ्यांवर विजेच्या माळा चढल्या आहेत, त्यांच्या स्पर्धा भरतात, बक्षिसे दिली जातात. गणेशोत्सवाची आरास पाहत वाढलेल्या आपण त्याबद्दल नाक मुरडू नये, हेच बरे. मात्र ज्या साधुपुरुषाच्या हातून ही प्रथा रूढ झाली असे परंपरा सांगते, त्याने मांडलेल्या गोठ्यात मूर्तीदेखील नव्हती. इसवी सन १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावी असिसीकर संत फ्रान्सिस यांनी मांडलेला तो गोठा. त्या घटनेला २०२३ साली आठशे वर्षे पूर्ण झाली. २०१९ च्या डिसेंबरात त्या वेळचे पोप फ्रान्सिस याच गावी गेले होते आणि गोठ्याच्या प्रथेविषयीचे आपले पत्र त्यांनी तेथेच स्वाक्षरी करून प्रसिद्ध केले.

त्या रात्रीचे वर्णन फ्रान्सिस यांचे पहिले चरित्रकार, चेलानोचे थोमास, यांनी करून ठेवले आहे. संतांच्या निधनानंतर दोन-तीन वर्षांतच हे चरित्र लिहिले गेले. तेव्हा ग्रेच्चोची रात्र पाहिलेली माणसे हयात होती. नाताळाच्या पंधरा दिवस आधी फ्रान्सिस यांनी त्या भागातील योहान नावाच्या एका सरदाराला निरोप पाठविला. बेथलेहेमात जन्मलेल्या त्या बाळाची कशी आबाळ झाली, गवतावर ते कसे निजले, बैल आणि गाढव कसे जवळ उभे होते, हे आपल्याला या चर्मचक्षूंनी पाहावयाचे आहे, तेव्हा तेवढी तयारी करून ठेवा, असा तो निरोप होता. योहानने गव्हाण आणविली, तीत गवत भरले, एक बैल आणि एक गाढव आणून बांधले. एवढीच तयारी.

रात्री आसपासच्या खेड्यांतील बायाबापड्या, गडीमाणसे हातात मेणबत्त्या आणि पलिते घेऊन डोंगर चढून आली. सारे रान उजळले. संघातील बंधूंची भजने कड्यांवरून घुमू लागली. गव्हाणीवरच पवित्र मिस्सा अर्पण झाली. फ्रान्सिस स्वतः धर्मगुरू नव्हते. उपयाजकाची पायरी तेवढी त्यांनी स्वीकारली होती. त्या वेषात उभे राहून त्यांनी शुभवर्तमानाचा पाठ गायिला आणि नंतर चार शब्द सांगितले. बेथलेहेम हा शब्द उच्चारताना त्यांचा स्वर कोकराच्या बेंबें करण्यासारखा होई आणि येशूचे नाव घेताना गोड पदार्थ चाखावा तशी ते ओठांवरून जीभ फिरवीत, असे थोमास लिहितात. नामाची गोडी ही आपल्याकडील संतांच्या तोंडची नित्याची भाषा; तीच गोष्ट एका इटालियन साधूच्या मुखावर इतक्या उघडपणे दिसत होती, याचे मराठी वाचकाला मोठे कौतुक वाटावे.

हा सोहळा मांडण्यापूर्वी फ्रान्सिस यांनी पोपमहाशयांची अनुज्ञा घेतली होती. ही माहिती संत बोनाव्हेंचर यांच्या चरित्रात येते आणि वाचक बहुधा तिच्यावरून पुढे निघून जातो. गवत आणि बैल-गाढव यांसाठी परवानगी कशाला? ज्याने घरदार सोडले, अंगावरची वस्त्रे सोडली, त्याने गोठा मांडण्यापुरते तरी कोणाला का विचारावे? आपल्या मते, या पुरुषाच्या साधेपणाचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म ११८१ किंवा ११८२ मधला. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे असिसीतील सधन कापडव्यापारी. मुलाला उंची कपड्यांची आणि मित्रांच्या मैफलींची आवड होती. पुढे युद्ध, कैद आणि आजारपण यांतून त्याचे मन पालटले. मोडकळीस आलेले एक देऊळ दुरुस्त करण्यासाठी त्याने बापाच्या दुकानातील कापड विकले; बापाने बिशपांपुढे फिर्याद नेली. तेव्हा या तरुणाने पैसे तर परत केलेच, पण अंगावरचे सारे कपडे उतरवून तेही बापाच्या पुढ्यात ठेवले. ही गोष्ट १२०६ च्या सुमाराची. कापडव्यापाऱ्याच्या मुलाचा वैराग्याचा मार्ग कापडापासूनच सुरू झाला आणि पुढेही या चरित्रात वस्त्र पुनःपुन्हा येत राहते.

भोवती माणसे जमू लागली. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी या मंडळीच्या जीवनक्रमास तोंडी मान्यता दिली. दहा-बारा जणांचा हा मेळा दहा वर्षांत हजारोंच्या घरात गेला आणि मग लेखी नियमांवाचून चालेना. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी बारा अध्यायांच्या नियमावलीवर शिक्कामोर्तब केले. म्हणजे ग्रेच्चोच्या त्या रात्रीपूर्वी पुरता महिनाही उलटला नव्हता.

ही नियमावली आजही फ्रान्सिसकन बंधूंना बंधनकारक आहे. पुस्तक म्हणावे एवढीही ती मोठी नाही. बंधूंनी टोपीचा एक झगा आणि हवा असल्यास बिनटोपीचा दुसरा ठेवावा. फाटला तर गोणपाटाचे ठिगळ लावावे. पैसा हाती घेऊ नये. कष्ट करावेत आणि मजुरीदाखल शरीरापुरते जे मिळेल ते घ्यावे. पैसे मात्र नव्हेत. घर, जागा, कोणतीही वस्तू आपली म्हणू नये. निकड किंवा आजार नसेल तर घोड्यावर बसू नये. कोणाच्या घरी गेल्यास पुढ्यात वाढले जाईल ते खावे. माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि समर्थांच्या भिक्षेची आठवण ज्यांच्या घरात अजून आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु वस्त्रांच्या नियमाला जोडूनच आणखी एक आज्ञा आहे. मऊ आणि रंगीत कपडे घालणारी, चवीने खाणारी-पिणारी माणसे दिसली तर बंधूंनी त्यांना तुच्छ लेखू नये, त्यांचा न्यायनिवाडा करू नये. प्रत्येकाने आपलाच निवाडा करावा. जाडेभरडे वस्त्र नेसणाऱ्याच्या मनात पहिला विकार कोणता उठतो, हे फ्रान्सिस यांनी नेमके ओळखले होते. साधेपणाचाही एक डौल असतो. उपास करणाऱ्याला शेजारणीचे ताट दिसते. खादी वापरणाऱ्याला दुसऱ्याची मलमल खुपते. आपल्या घरांतून हा अनुभव कोणाला नाही?

उपासनेचा नियमही तसाच. धर्मगुरू असलेल्या बंधूंनी स्तोत्रसंहितेचे ठरलेले पाठ म्हणावेत. परंतु ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी येशूने शिष्यांना शिकविलेली ‘प्रभूची प्रार्थना’ नेमून दिली आहे. रात्रीच्या पहिल्या उपासनेला चोवीस वेळा, पहाटे पाच, दिवसाच्या चार प्रहरांना प्रत्येकी सात, सायंकाळी बारा आणि निजण्यापूर्वी सात. एकूण शहात्तर आवर्तने होतात. माळेवर जप करणाऱ्या आजीबाईंना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. पंडितांची उपासना वेगळी आणि नांगरट्याची वेगळी असली तरी संघातील त्यांचे स्थान एकच. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचावयास शिकण्याची धडपड करू नये, असेही नियमात आहे. आजच्या साक्षरतेच्या दृष्टीने हे शेवटचे कलम पटणे कठीण, हे मान्य केले पाहिजे.

अक्षरशत्रू साध्या माणसांविषयी फ्रान्सिस यांना वाटणारी ओढ योहान नावाच्या एका शेतकऱ्याच्या गोष्टीत दिसते. हा ग्रेच्चोच्या सरदाराहून निराळा. फ्रान्सिस एका खेड्यातील देऊळ झाडीत होते. देवाचे घर अस्वच्छ पाहणे त्यांना सहन होत नसे. हा योहान जवळच शेत नांगरीत होता. तो आला, त्याने त्यांच्या हातचा झाडू घेतला आणि उरलेले देऊळ झाडून काढले. मग म्हणाला की मला तुमच्यात घ्या. आपले आहे ते गरिबांना दे, असे फ्रान्सिस यांनी सांगताच तो शेतात गेला आणि आपल्या वाट्याचा म्हणून एक बैल सोडून घेऊन आला. पाठोपाठ आईबाप आणि लहान भावंडे रडत आली. त्यांना पोरगा गेल्याच्या दुःखाइतकेच बैल गेल्याचेही दुःख होते, हे चरित्रकाराने लपविलेले नाही. फ्रान्सिस यांनी सर्वांना जेवू घातले आणि बैल त्या घराला परत दिला. पोराला मात्र ठेवून घेतले.

या योहानने आज्ञापालनाचा अर्थ आपल्या परीने लावला. फ्रान्सिस प्रार्थनेला उभे राहिले की हाही उभा राही. ते गुडघे टेकीत, हाही टेकी. ते खोकले की हा खोके. हे ध्यानी आल्यावर फ्रान्सिस यांनी त्याला हसत हसत दटावले. त्यावर त्याने उत्तर दिले की तुम्ही कराल ते सारे करण्याचे वचन मी दिले आहे. त्यातले काही गाळले तर मला भीती वाटते. पुढे तो लवकरच वारला. त्याची आठवण काढताना फ्रान्सिस त्याला बंधू योहान म्हणत नसत, संत योहान म्हणत.

परंतु खोकल्याचीही नक्कल करणारे आज्ञापालन ही भोळ्या माणसाची गोष्ट झाली. जाणत्याने आज्ञा पाळणे याहून फार अवघड. आजच्या काळात तर आज्ञापालन हा शब्द ऐकताच माणूस सावध होतो, आणि ते योग्यच आहे. आज्ञा झाली म्हणून केलेल्या दुष्कृत्यांनी इतिहासाची पाने भरली आहेत. फ्रान्सिस यांच्या नियमाने येथे दोन कुंपणे घातली आहेत. एक असे की वरिष्ठांची आज्ञा पाळावी, पण ती आत्म्याच्या हिताविरुद्ध आणि नियमाविरुद्ध नसेल तरच. दुसरे त्याहून विलक्षण. संघातील वरिष्ठांना ‘सेवक’ असेच नाव आहे आणि बंधूंनी त्यांच्याशी, धनी आपल्या चाकराशी बोलतो तसे मोकळेपणाने बोलावे, असे नियम म्हणतो. आज्ञा देणारा चाकर आणि पाळणारा धनी! अशी उलटापालट व्यवहारात किती टिकली हा प्रश्न निराळा. फ्रान्सिसकन संघात पुढे दारिद्र्याच्या अर्थावरूनच शतकानुशतके तंटे झाले आणि शाखा फुटल्या.

त्या तंट्यांची चाहूल संस्थापकाच्या हयातीतच लागली होती. १२१९ मध्ये धर्मयुद्धाच्या धामधुमीत फ्रान्सिस इजिप्तला जाऊन सुलतान अल्-कामिल यांना भेटले. परत येतात तो संघात नाना मते माजलेली. विद्वान बंधूंना ग्रंथ हवे होते, काहींना पक्की घरे हवी होती, काहींना पोपकडून विशेष सवलती हव्या होत्या. १२२० मध्ये फ्रान्सिस यांनी संघाचे प्रमुखपद सोडले. पिएत्रो कत्तानी या आपल्या जुन्या सोबत्याला त्यांनी पुढे केले आणि सर्वांदेखत त्याच्यापुढे वाकून आज्ञाधारकतेचे वचन दिले. आपल्यासाठी एक पालक नेमावा, आपण त्याच्या शब्दात राहू, असेही त्यांनी मागून घेतले. एका तासापूर्वी संघात आलेला पोरगा पालक म्हणून नेमला तरी जाणत्या वृद्धाइतकेच त्याचे ऐकेन, असे ते म्हणत.

मग नियमावलीची पाळी आली. १२२१ मध्ये त्यांनी सिद्ध केलेला मसुदा लांबलचक, प्रार्थनांनी आणि शुभवर्तमानातील वचनांनी भरलेला होता. तो संमत झाला नाही. फोंते कोलोंबो या एकांतस्थळी राहून त्यांनी पुन्हा लिहिले. बोनाव्हेंचर सांगतात की हे लिखाण त्यांनी ज्या अधिकारी बंधूकडे सोपविले त्याने ते हलगर्जीपणाने हरविले. फ्रान्सिस पुन्हा डोंगरावर गेले आणि पुन्हा लिहू लागले. कार्डिनल उगोलिनो यांनी कायद्याच्या भाषेत ते बसविण्यास साहाय्य केले. अंतिम नियमावली आधीच्या मसुद्याच्या निम्म्याहून लहान झाली. प्रवासास निघताना बरोबर काही घेऊ नये, हे येशूचे वचन फ्रान्सिस यांच्या साऱ्या जीवनाचे बीज होते. जुन्या मसुद्यात ते होते, नव्यात राहिले नाही. अधिकारी बंधूंनीच ते काढावयास लावले, अशी त्यांच्या जवळच्या सोबत्यांची आठवण आहे.

ज्याने बापाची दौलत एका क्षणात टाकली त्याला ही एक ओळ सोडणे किती जड गेले असेल! दौलत टाकताना स्वतःची इच्छा पुरी होत होती. येथे इच्छाच टाकावयाची होती. त्यांनी ती टाकली. नियम पोपच्या हाती दिला, शिक्का झालेला परत घेतला, आणि रोमहून निघून ते रिएतीच्या खोऱ्यात आले. तेथून ग्रेच्चोच्या योहानला तो निरोप गेला. गोठ्यासाठी मागितलेली अनुज्ञा याच माणसाची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ती किरकोळ वाटत नाही. परवानगी नाकारली गेली असती तर त्या वर्षी ग्रेच्चोच्या रानात गव्हाण मांडली गेली नसती, यात शंका नाही.

सणाच्या दिवसाविषयी त्यांची कल्पना उदास मुळीच नव्हती. नाताळाला ते सणांचा सण म्हणत. बादशहाशी बोलण्याची संधी मिळाली तर, नाताळाच्या दिवशी वाटांवर धान्य टाकून पाखरांना तृप्त करावे, असा हुकूम काढावयास आपण विनवू, असे ते म्हणत. त्यातही चंडोलांना विसरू नये, कारण तो पक्षी त्यांचा लाडका. त्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना जेवू घालावे आणि बैल-गाढवांना नेहमीपेक्षा अधिक वैरण मिळावी, असेही त्यांना वाटे. पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास देणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको.

पण त्याच ग्रेच्चोच्या मठात एका सणाला बंधूंनी उंच मेजावर पांढरी चादर घालून काचेचे पेले मांडले, तेव्हा फ्रान्सिस गुपचूप बाहेर गेले. तेथे आलेल्या एका गरिबाची टोपी डोक्यावर घातली, काठी हातात घेतली आणि दारात उभे राहून आजारी वाटसरूला भिक्षा घाला म्हणून हाक दिली. बंधूंनी ओळखले. त्यांना आत घेतले, एक ताटली दिली. ती घेऊन ते चुलीजवळ राखेत बसले आणि म्हणाले की आता मी बंधूसारखा बसलो आहे. कोणाला रागे भरले नाहीत. मेज उचला असेही सांगितले नाही. प्रमुखपद सोडलेल्या माणसाला तो अधिकार नव्हता.

या संघाचा आपल्या भूमीशी संबंध जुना आहे. पोर्तुगीज अमदानीत फ्रान्सिसकन वसईस आले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकलेल्या त्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. सोळाव्या शतकात याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानमधील व्यापार सोडून मनिला येथे फ्रान्सिसकन झाले. पुरोहितपद नाही, लौकिक बंधू म्हणून. शहात्तर प्रार्थनांची नेमणूक ज्या वर्गासाठी होती त्या वर्गात. जपानी भाषा येत असल्याने संघाने त्यांना दुभाषा म्हणून पुन्हा जपानला धाडले आणि ते गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत हे वसईकर होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईच्या गोठ्यांत पेंढा अंथरणाऱ्या कित्येक घरांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

फ्रान्सिस यांच्या अखेरच्या वर्षांत देह फार झिजला होता. डोळे जवळजवळ गेले होते, पोटाचे दुखणे बळावले होते. थंडीत पोटावर ऊब राहावी म्हणून पालकाने कोल्ह्याच्या कातड्याचा तुकडा आणला आणि झग्याच्या आतून शिवण्याची परवानगी विचारली. शिवावयाचा तर तेवढाच तुकडा बाहेरूनही शिवा, आत काय आहे ते लोकांना दिसू द्या, असे फ्रान्सिस म्हणाले. पालकाने पुष्कळ समजाविले. शेवटी आत आणि बाहेर, दोन्हीकडे कातडे शिवले गेले.

झगा अंगावर टिकणे मात्र कठीण होते. कोणी कुडकुडणारा भेटला की ते स्वतःचा झगा किंवा झूल काढून देत. मग पालकाला दुसरा शोधावा लागे. ऑक्टोबर १२२६ मध्ये असिसीजवळच्या लहानशा देवळापाशी अंत जवळ आला तेव्हा त्यांनी आपल्याला विवस्त्र करून उघड्या जमिनीवर ठेवावयास सांगितले. बिशपांपुढे वीस वर्षांपूर्वी उतरविलेली वस्त्रे त्या वेळी कोणाला आठवली नसतील असे नाही. भोवतीचे बंधू रडू लागले. पालकाने त्यांचे मन ओळखले. तो उठला, एक झगा, विजार आणि गोणपाटाची टोपी घेऊन आला आणि म्हणाला की हे कपडे मी तुम्हाला उसने देत आहे आणि आज्ञापालनाच्या व्रताने ते घेण्यास तुम्ही बांधलेले आहात; त्यांवर तुमची मालकी नाही, म्हणून ते कोणाला देऊन टाकण्याचा अधिकारही मी काढून घेतो.

फ्रान्सिस यांना अतिशय आनंद झाला, असे थोमास लिहितात. त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे उचलले आणि तो उसना झगा अंगावर घालू दिला. ३ ऑक्टोबरच्या सायंकाळी त्यांनी देह ठेवला.